मागे पडलेल्या शहरात दोन मुक्काम

रेगेन्सबुर्ग,
फेब्रुवारीची अखेर

ती. मावशीस,


तुझी यादी मिळाली. म्युनिकचं काम आटोपून तीन दिवसांत नुरेंबर्ग, रेगेन्सबुर्ग, पासाऊ आणि जमलंच तर प्राग! जन्मभर शाळेत इतिहास शिकवलास, त्यामुळे मोह समजतो. पण या बेतात काकांचे गुडघे आणि तुझी हौस, दोन्ही गाडीतच दमतील. माझं ऐकशील तर बाकीच्या गावांवर काट मार आणि दोन्ही रात्री इथे राहा. भाचीचं घर इथे आहे म्हणून हा आग्रह नाही. नुरेंबर्गचं जुनं गाव 1945च्या बाँबवर्षावात जवळजवळ बेचिराख झालं; आज दिसतं त्यातलं पुष्कळसं नंतर पुन्हा उभारलेलं आहे. रेगेन्सबुर्गमध्ये मध्ययुगातलं गाव जागच्या जागी उभं आहे. ते टिकलं कसं, हा प्रश्न हाती धरून दोन दिवस आखूया.

आधी तारखा. जूनची अखेर ते जुलैचा मध्य उत्तम. रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि शाळांना उन्हाळ्याची सुटी लागलेली नसते. ते का महत्त्वाचं, ते पुढे सांगते. सप्टेंबरचा उत्तरार्ध टाळ, कारण म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमुळे त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात. शुक्रवारी या आणि रविवारी संध्याकाळी परत जा. सोमवारी इथलं इतिहास संग्रहालय बंद असतं. रविवारी दुकानं बंद असतात, पण तुम्हाला दुकानांशी काय करायचंय? खाऊ घ्यायचाच असेल तर शनिवारी घेऊ.

म्युनिकच्या मुख्य स्टेशनातून प्रादेशिक गाडीने साधारण दीड तास लागतो. ‘बायर्न तिकीट’ काढा. दोघांना मिळून एकच तिकीट पुरतं आणि ते राज्यभर दिवसभर चालतं. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि आयसीईसारख्या जलद गाड्यांत नाही. हॉटेल जुन्या गावातच घे, पण आधी लिफ्ट आहे का विचार. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा काकांना नवे बूट आधी घरी चालवून पाहायला सांग.

शुक्रवारी संध्याकाळी फक्त पूल. डॅन्यूबवरचा हा दगडी पूल 1135 साली बांधायला घेतला आणि साधारण 11 वर्षांत पुरा केला. 1147 साली दुसऱ्या धर्मयुद्धाची फौज इथूनच पुढे गेली आणि 1189 मध्ये सम्राट बार्बारोसा तिसऱ्या धर्मयुद्धासाठी याच शहरातून निघाला. जवळजवळ 800 वर्षं शहरापाशी नदी ओलांडायला हा एकच पूल होता. आता त्यावर मोटारी नाहीत, त्यामुळे मधोमध उभं राहून खाली बघता येतं. रुंद खांबांमध्ये कोंडलेलं पाणी पलीकडे भोवरे करत सुटतं. पुलाच्या तोंडाशी सतराव्या शतकातलं मिठाचं कोठार आहे. तिथे आता जागतिक वारशाची माहिती देणारं केंद्र आहे. शनिवारी सकाळची सुरुवात तिथून करा.

कोठाराशेजारी एक बुटकं सॉसेजघर आहे. काकांनी तिथे कोळशावर भाजलेले सॉसेज, आंबवलेला कोबी आणि गोड मोहरी जरूर खावी. तुझ्यासाठी गावात दुसरीकडे पावाचे उकडलेले उंडे मश्रूमच्या दाट रश्श्यात मिळतात. सॉसेजघराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्या बघ. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं हे तुम्ही सांगलीकर विचारता ना, तशीच इथली माणसं नदीच्या पातळीवर डोळा ठेवून असतात. 2013 साली पाणी या घरात शिरलं होतं.

आता मूळ प्रश्न. बाराव्या-तेराव्या शतकात हे दक्षिण जर्मनीतलं फार श्रीमंत व्यापारी शहर होतं. इथल्या सावकारांनी इटलीतल्या शहरांसारखे उंच मनोरे घरांवर चढवले. शेजाऱ्याहून आपला उंच, एवढाच बऱ्याच मनोऱ्यांचा उपयोग. वालेनश्ट्रासेवरचा नऊ मजली ‘सोनेरी मनोरा’ मान वर करूनच बघावा लागतो. पुढे व्यापार ऑग्सबर्ग आणि नुरेंबर्गकडे वळला. श्रीमंत शहरं जुनं पाडून नव्या तऱ्हेचं बांधत राहतात. इथे पाडायलाही पैसा नव्हता. म्हणून मनोरे राहिले, गल्ल्या राहिल्या, आणि 2006 साली युनेस्कोने ज्याला वारसा म्हणून मान दिला ते बरंचसं या मागे पडण्याचंच फळ आहे. कॅथेड्रलचीही तीच कथा: तेराव्या शतकात सुरू झालेल्या त्या देवळाचे दोन्ही सुळके 1869 साली पुरे झाले!

पण नुसत्या गरिबीने शहर वाचत नाही. शनिवारी दाखाउप्लात्झला जा. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन फौज जवळ आली, तेव्हा शहर लढत न बसता स्वाधीन करा, अशी मागणी घेऊन लोक इथे जमले. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर त्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी, 24 एप्रिलला, नाझींनी त्यांना फासावर चढवलं. माघार घेताना जर्मन सैनिकांनी दगडी पुलाच्या कमानीही उडवल्या. तीन दिवसांनी शहर लढाईविना स्वाधीन झालं. शुक्रवारी ज्या पुलावर तू उभी राहशील, त्याची ही बाजू शनिवारी कळेल.

आणि काय टिकू दिलं नाही, तेही बघायला हवं. नॉयफारप्लात्झ या चौकात मध्ययुगात ज्यूंची वस्ती होती. 1519च्या जानेवारीत त्यांना संरक्षण देणारा सम्राट माक्सिमिलियन वारला. पुढच्याच महिन्यात नगरसभेने वस्ती खाली करवली आणि सिनेगॉग पाडलं. पाडण्याआधी चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडोर्फरने त्याचं आतलं रूप धातूच्या पत्र्यावर कोरून ठेवलं. तोही त्या वेळी नगरसभेचा सदस्य होता. या माणसाबद्दल काय वाटून घ्यावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, तूच सांग. ज्यूंच्या दफनभूमीतले काही दगड लोकांनी विजयचिन्हं म्हणून घरांच्या भिंतींत बसवले. चौकाखाली उत्खननात निघालेले अवशेष मार्गदर्शकाबरोबर बघता येतात. वर शिल्पकार दानी काराव्हान यांनी सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये मांडला आहे. त्यावर मुलं खेळतात, माणसं टेकून आइस्क्रीम खातात. जवळच 2019 साली नवं सिनेगॉग उघडलं. त्या जागचं आधीचं 1938 साली जाळलं होतं.

जुन्या नगरगृहात आत जायचं तर मार्गदर्शकाबरोबरच, म्हणून ती वेळ आधी ठरवू. 1663 ते 1806 पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची कायम भरलेली सभा इथेच बसत असे. वर दरबारी दालन आणि त्याच इमारतीत छळाची कोठडी, दोन्ही एका फेरीत दाखवतात.

इथला राजवाडा सोड, पण केप्लरचं घर सोडू नकोस. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा हा माणूस 1630 साली आपली थकलेली येणी सम्राटाकडून वसूल करायला इथे आला, तापाने आजारी पडला आणि 15 नोव्हेंबरला इथेच गेला. पुढे तीस वर्षांच्या युद्धात त्याची दफनभूमी उद्ध्वस्त झाली, कबरही उरली नाही.

रविवारी सकाळी कॅथेड्रलच्या प्रार्थनेला बसा. ज्या गायक मुलांच्या वृंदाला लोक ‘कॅथेड्रलच्या चिमण्या’ म्हणतात, तो एरवी इथे गातो, पण शाळेच्या सुटीत नसतो. म्हणूनच ती तारखांची अट. दुपारी बोटीने वालहालाला जा. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याने 1842 साली टेकडीवर उघडलेलं हे ग्रीक घाटाचं स्मारक आहे. जर्मन भाषेच्या थोरांचे अर्धपुतळे त्यात मांडलेत. केप्लरही तिथे आहे, म्हणजे येणी न मिळालेल्या माणसाला संगमरवर मिळालं! पायऱ्या 358 आहेत. काकांना त्या नको असतील तर मागच्या बाजूने मोटारीने वर जाता येतं. तेवढं मी बघेन.

हा बेत पटला तर आठवडाभरात तारखा कळव, म्हणजे नगरगृहाची आणि नॉयफारप्लात्झची फेरी धरून ठेवते. पासाऊ बघायचं राहिलं म्हणून हळहळशील, पण परत जाऊन मुलांना सांगायचं झालं तर चार गावांच्या फोटोंपेक्षा एका गावाचं कोडं जास्त कामाचं. काका प्रागवरच अडून बसले तर त्यांना सांग, प्रागसाठी वेगळी सुटी काढायची आणि त्या खेपेला मीही बरोबर येईन.

काकांना नमस्कार.

तुझी,
भाची