चार रंगांतील आजी

जुन्नर तालुक्यातील घाटघर गावाजवळ, नाणेघाटाच्या माथ्यालगत, एक प्राचीन लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी ही नावे तेथे ब्राह्मी लिपीत अद्याप आहेत. प्रतिमांच्या मात्र पायांच्या खुणाच काय त्या उरल्या आहेत. नागनिका हसरी होती की गंभीर, हे आता कोण सांगणार?

म्हणूनच घाटघरच्या एखाद्या मुलाला आपल्या आजीचे चित्र काढावेसे वाटले, तर ती इच्छा लहान समजू नये. त्याच्याजवळ रंगांची मोठी पेटी नसली, तरी काही अडत नाही. ग्रीक चित्रकार अपेलीस याने आपली विख्यात चित्रे पांढरा, पिवळा, तांबडा व काळा या चारच रंगांत रंगविली, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) याची अनेक व्यक्तिचित्रेही अशाच चार रंगांसाठी प्रसिद्ध आहेत.

या चार रंगांत कितीतरी रंग दडलेले असतात! पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवी छटा मिळते. आजीच्या विटलेल्या हिरव्या लुगड्याला ती पुरते. काळ्या-पांढऱ्याचा करडा रंग तांबूस रंगाशेजारी ठेवला की निळसर भासतो. आजीचे पिकलेले केस त्यातून उतरतात. तांबडा, पिवळा, पांढरा आणि किंचित काळा यांतून तिची उन्हाने रापलेली कांती साधते.

परंतु रंग साधला म्हणजे आजी साधली, असे नव्हे. शिकणाऱ्याने आधी डोळे किलकिले करून पाहावे. दारातून येणारा उजेड कोणत्या गालावर पडतो? सावली कोठे दाटते? प्रथम उजेड-सावलीचे मोठे भाग मांडावेत, सुरकुत्या मागाहून. साऱ्याच सुरकुत्या रेखाटल्या, तर चेहरा भेगाळलेल्या जमिनीसारखा दिसेल. भातलावणीने थकलेली आजी नातवाला पाहून हसते, तेव्हा डोळ्याच्या कडेची जी सुरकुती खोल होते, ती एक पुरे.

ती सुरकुती नेमकी कोणती, हे रंगांची पेटी सांगत नाही. त्यासाठी आजीसमोर निवांत बसावे लागते. रंग थोडे असले की पाहण्याला वेळ अधिक मिळतो. आणि आपल्याकडे कोणी इतके निरखून पाहत आहे, याचे आजीलाही नवल वाटते.