जुनी बिलं आणा

हा विषय मी घेतला तो अभ्यासक्रम लहान आहे एवढंच ऐकून. साल २००३. पुण्यात एलएलबीचं शेवटचं वर्ष होतं आणि ऐच्छिक विषयांच्या यादीत पेटंट-ट्रेडमार्कचा कायदा होता. ही मोठ्या कंपन्यांची आपसातली भांडणं, आपला त्यांच्याशी काय संबंध, अशी माझी समजूत होती. माझ्या वडिलांचं सांगली जिल्ह्यातल्या एका गावात किराणा दुकान. शिकून गावाकडे जायचं आणि जमिनीचे दावे चालवायचे, एवढंच मनात होतं.

पहिल्याच तासाला मॅडमनी आमची गाईडं मिटायला सांगितली. त्यांत १९५८चा ट्रेडमार्क कायदा होता. १९९९चा नवा कायदा त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून अमलात आला होता. “रद्द झालेला कायदा पाठ करून कुणाचं भलं करणार?” असं म्हणून त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात ती तारीख लिहिली आणि वर्षभर पुसू दिली नाही. मला तेव्हा तो हेकेखोरपणा वाटला होता.

मी त्या विषयाकडे खरी वळले ती एका बिस्किटाच्या पुड्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाचा १९७२चा निकाल त्या शिकवत होत्या. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतावरची मुलगी, गायी, कोंबड्या असं चित्र होतं. म्हैसूरच्या एका उत्पादकानं बरंचसं तसंच दिसणारं वेष्टन काढलं. खालच्या न्यायालयांनी दोन्ही वेष्टनं निरखून त्यांतले फरक दाखवले आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून बघत नाही. आज एक पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरा पाहून तोच समजेल का, एवढंच पाहायचं.

“दुकानात बसलंय का कुणी?” मॅडमनी विचारलं. मी हात वर केला. गिऱ्हाईक माल कसा मागतं ते सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, नाव कुणी घेत नाही. लाल पुडीचा चहा द्या म्हणतात, पोरीच्या चित्राची बिस्किटं द्या म्हणतात, नाहीतर अमक्या छापाची काडेपेटी. मॅडम म्हणाल्या, “मग हा कायदा तुम्हाला येतो.”

खाली बसले तेव्हा मला भलतंच आठवत होतं. सातवी-आठवीत असताना, वडील बाजाराला गेले की मी दुकान सांभाळायचे. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी नेहमीची चहाची पुडी मागितली. ती संपली होती. मी तशाच रंगाची दुसरी दिली, काही न बोलता, कारण तिच्यावर नफा जास्त सुटायचा. दुसऱ्या दिवशी आजी पुडी घेऊन आल्या. “ही ती नव्हं,” एवढंच म्हणाल्या. मी पुडी फोडलेली आहे म्हणून परत घेतली नाही. त्या बाईंना वाचता येत नव्हतं. रंगावर आणि आमच्या दुकानावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. हा कायदा अशा माणसासाठीही आहे, हे मला त्या तासाला कळलं. मॅडमना ही गोष्ट मी सांगितली नाही. धीर झाला नाही.

पेटंट शिकवताना त्यांनी हळदीचं प्रकरण घेतलं. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. आम्ही सगळे एकदम म्हणालो, हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आजीचं खरंच आहे. पण समोरच्या कार्यालयाला ती आजी दिसत नाही, कागद दिसतो.” सीएसआयआरनं कागद दिले: जुने संस्कृत ग्रंथ, १९५३चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख. मी हे वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं आणि चांगले गुण मिळवले.

गुण मिळाले म्हणजे विषय आला, असं मला वाटलं. ते खोटं ठरायला चार वर्षं लागली. सातारा जिल्ह्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. नवरा गेल्यावर कांदा-लसूण मसाला करून त्यांनी दोन मुलं शिकवली होती. मसाल्याच्या नावाच्या नोंदणीचा अर्ज मी केला होता. २००८ साली एका मोठ्या कंपनीनं त्याला विरोध नोंदवला. अशा नोटिशीला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. नाहीतर अर्जदारानं अर्ज सोडून दिला असं कायदा धरून चालतो. नोटीस माझ्याच टेबलावर, दुसऱ्या एका फायलीत पडून राहिली. सापडली तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

मी मॅडमच्या घरी गेले आणि रडले. टपालाचा घोळ झाला असं मावशींना सांगावं का, हेही विचारलं. ते विचारल्याची लाज अजून जात नाही. मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, “आधी त्यांना खरं सांगून या. फी परत करा. आणि येताना त्यांची जुनी बिलं आणा. असतील नसतील तेवढी.”

मावशी ऐकून बराच वेळ गप्प राहिल्या. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात मिरच्यांच्या खरेदीच्या पावत्या होत्या, गिरणीचे हिशेब होते, छापखान्याचं पिशव्यांचं बिल होतं. सर्वांत जुना कागद १९८६चा. कंपनीनं ते नाव वापरायला सुरुवात केली त्याच्या कितीतरी आधीचा. आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीवालाही हिरावू शकत नाही, हे कलम ३४ मला तोंडपाठ होतं. पण त्या पेटीकडे बघायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच वर्षी नवा अर्ज केला. कंपनीनं पुन्हा विरोध केला. या वेळचं उत्तर आणि शपथपत्र मॅडमनी माझ्याशेजारी बसून, चार संध्याकाळी घालवून, ओळीओळीनं तपासलं. प्रत्येक बिलाची तारीख त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. एक पैसा घेतला नाही.

निकाल लागायला बरीच वर्षं गेली. प्रमाणपत्र आलं तेव्हा मॅडम नव्हत्या. मी ते आधी त्यांच्या घरी नेलं, त्यांच्या मुलीला दाखवलं, आणि मग साताऱ्याची एसटी धरली.

माझ्या टेबलावर आता एक जाड वही असते. आलेल्या प्रत्येक नोटिशीची मुदत मी त्याच दिवशी, फाईल उघडण्याआधी, तिच्यात लिहिते. मावशींच्या मसाल्याच्या नावाचं पुढचं नूतनीकरण २०२८ साली आहे. ते पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.