दुष्फेन

माझी बदली कलकत्त्याला झाली ते साल १९९६. शहराचे नाव कोलकाता व्हायला तेव्हा अजून पाच वर्षे अवकाश होता. कार्यालय एस्प्लनेडला, ट्रामच्या आगारापासून हाकेच्या अंतरावर. घर मात्र दक्षिणेच्या उपनगरात, गडियाला. भुयारी रेल्वे त्या वेळी टॉलीगंजपर्यंतच जात असे. पुढचा प्रवास बसमध्ये उभ्याने. तरीही ते घर आम्ही पसंत केले, कारण तेथे नळाला चोवीस तास पाणी होते. पहाटे चार वाजता उठून हंडे भरण्यात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना या एका कारणाचे मोल सांगावे लागणार नाही.

पाणी इमारतीच्या स्वतःच्या कूपनलिकेचे होते. दिसायला काचेसारखे नितळ.

पहिली तक्रार सासूबाईंनी केली. गावाहून आणलेली तुरीची डाळ कुकरच्या सहा-सात शिट्ट्या होऊनही कणीदार राहत होती. त्यांनी आधी डाळीला दोष दिला, मग कुकरला, मग बंगालच्या हवेला. एके दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "इथे काही आपली डाळ शिजायची नाही गं!" आपण म्हण वापरली हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. आम्ही सारे हसलो आणि आमटी तशीच खाल्ली.

साबणाच्या बाबतीत मात्र मला हसू आले नाही. कपडे धुण्यासाठी एक बाई येत असत. तिकडे कामाला येणाऱ्या बाईला 'मासी' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मासी पहाटेच्या कॅनिंग लोकलने येत, चार घरची धुणी-भांडी करत आणि दुपारी परत जात. आमच्याकडे कपड्यांचा साबण पाहता पाहता संपू लागला. पुण्यात महिनाभर पुरणाऱ्या वड्या येथे बारा-पंधरा दिवसांत संपत; आणि इतके करून ह्यांचे पांढरे शर्ट राखाडी, टॉवेल पापडासारखे कडक. साबण जातो कोठे? मनात एक उत्तर आले, आणि ते मी मनात ठेवले नाही.

"मासी, साबण फार लागतो हं तुम्हाला," मी मोडक्या बंगालीत म्हणाले. माझ्या बोलण्यातला रोख त्यांना कळला. त्या शांतपणे म्हणाल्या, "बौदी, ए जले फेना होय ना." वहिनी, या पाण्याला फेस येत नाही.

मी ते ऐकले आणि सोडून दिले. इतके स्वच्छ पाणी, त्याला फेस का येणार नाही? मी साबण कपाटात ठेवून कुलूप लावले. रोज अर्धी वडी मोजून देऊ लागले. मासी काही बोलल्या नाहीत. त्या जोर लावून कपडे घासत राहिल्या. त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या मला दिसत होत्या. पण त्या सर्वच कष्टकरी बायकांना पडतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

उन्हाळ्यातली गोष्ट. एके दिवशी मी लवकर निघाले होते. एस्प्लनेडच्या पदपथावर रस्ते धुण्याच्या पाण्याचा नळ उघडा होता आणि चार-पाच हमाल आंघोळ करत होते. कोलकात्यात रस्ते धुण्यासाठी मल्लिक घाटाच्या पंपघरातून गंगेचे न गाळलेले पाणी वेगळ्या नळांतून आणलेले आहे. ते पाणी मातकट, पिवळसर असते. एका हमालाच्या हातात साबणाचा नखाएवढा तुकडा होता, आणि त्याचे डोके, खांदे, पाठ पांढऱ्याशुभ्र फेसाने झाकून गेली होती.

मी जागीच थांबले. सातवी-आठवीत पाठ केलेला एक शब्द एकाएकी आठवला : दुष्फेन. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. परीक्षेत याचे दोन गुण मला पुरते मिळाले होते. फेन आणि फेना! मासींनी माझ्या पुस्तकातली व्याख्याच मला सांगितली होती.

कार्यालयातल्या नळाचे पाणी मी बाटलीत भरून घरी नेले. ते पलत्याहून येणारे, गंगेचे गाळलेले पाणी. १९११ पासून ते टाळ्याच्या प्रचंड लोखंडी टाकीत साठवून शहराला पुरवले जाते. घरच्या पाण्याची दुसरी बाटली भरली. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवले. एकीत फेस वर चढला. दुसरीत दह्यासारखा साका तरंगू लागला.

मग उलगडा होत गेला. आमची कूपनलिका चिकणमातीच्या जाड थराखालच्या वाळूतले पाणी उपसत होती. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले होते. साबण आधी या क्षारांशी संयोग पावतो, त्याचा चिकट साका होतो आणि तोच कपड्यांत बसतो. क्षार संपल्यावर उरेल त्या साबणाला फेस! किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्याच क्षारांचा. डाळ न शिजण्याचे कारणही तेच : कॅल्शियममुळे तिच्या दाण्याची बांधणी सैल होत नाही. मी पूर्वी बादलीत तुरटी फिरवून पाहिली होती; पण तुरटीने गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत. धुण्याचा सोडा टाकून ठेवल्यावर पाणी बरेच सुधारले. सासूबाईंची डाळ एस्प्लनेडच्या पाण्यात चार शिट्ट्यांत मऊ शिजली. तेव्हापासून माझ्या कार्यालयाच्या पिशवीत डब्याबरोबर दोन लिटरची बाटली आली. २०१४ मध्ये धापा येथे नवे जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले, तेव्हा ती बातमी मी पुण्यात बसून दोनदा वाचली.

पण हे पुढचे. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मासी आल्या तेव्हा साबणाची अख्खी वडी मोरीत ठेवलेली होती. त्यांनी कपाटाकडे पाहिले.

"कुलूप काढलं," मी म्हणाले. क्षमा मागण्याइतके बंगाली मला येत नव्हते. खरे तर मराठीतही शब्द सुचले नसते. मी त्यांना दोन बाटल्या दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून हलवल्या, उजेडात धरल्या आणि म्हणाल्या, "मी तर सांगितलंच होतं." मग जरा थांबून, "आमच्या पुकुराचं पाणी पाहा एकदा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावच्या तळ्याचे पाणी औषधाच्या बाटलीत भरून, पदरात गुंडाळून लोकलने आणले. आम्ही तिन्ही बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या. तळ्याच्या पाण्याचा फेस सर्वांत उंच होता, आणि मासी भांडी घासून परत निघाल्या तोवर तो बसला नव्हता.