दादीचा मुक्काम

गेल्या सुट्टीत माझ्या मुलांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचा हट्ट धरला. हे मनोरंजन उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले. उद्यानाला लागूनच मोठे हॉटेल आहे. तिथेच राहायचे, असे मुलांचे म्हणणे. अम्मीने मात्र एकच विचारले, "खोलीपर्यंत पायऱ्या किती?" तिचा प्रश्न ऐकून मला १९९६ सालची दिवाळीची सुट्टी आठवली.

तेव्हा आम्ही मालेगावला राहत होतो. मी सातवीत होते. अब्बांनी आम्हांला मुंबईचे एस्सेल वर्ल्ड दाखवायचे कबूल केले होते. गोराईच्या खाडीपलीकडचे हे उद्यान १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. आमच्या वर्गात ते पाहिलेली एकच मुलगी होती आणि ती त्याबद्दल रोज सांगत असे!

जायचे नक्की झाले. राहायचे कुठे, यावर मात्र आठ दिवस चर्चा चालली. मदनपुऱ्यात फूफीचे घर होते. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, कोपऱ्यात मोरी आणि वर पोटमाळा. फूफा बेकरीत रात्रपाळी करत. सकाळी गरम पाव घेऊन ते घरी येत आणि दुपारपर्यंत झोपत. "आपण पाच माणसे तिथे गेलो, तर त्यांनी झोपायचे कुठे?" अम्मी म्हणाली.

अब्बांनी कागदावर हिशेब मांडला. मदनपुऱ्याहून मुंबई सेंट्रल, तिथून लोकलने बोरिवली, मग बसने खाडी आणि शेवटी बोट. जाण्यातच दोन-अडीच तास. परतताना धाकटा भाऊ खांद्यावर झोपलेला असणार. त्यापेक्षा बोरिवलीत लॉजवर उतरलेले बरे.

अब्बांनी एसटीडी बूथवरून एका लॉजला फोन लावला. मीटरचे आकडे पळत असतात, म्हणून प्रश्न आधीच लिहून नेले होते. जादा गादी मिळेल का? पाणी किती वाजेपर्यंत येते? भाडे चोवीस तासांचे की दुपारी बारापर्यंतचे? सगळी उत्तरे ठीक होती. पण खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दादीचे गुडघे दुखत असत.

अब्बांनी फूफीला पत्राने कळवले. तिचे उत्तर आले, "सख्खा भाऊ मुंबईत येऊन लॉजवर उतरला, हे मी मोहल्ल्यात कोणत्या तोंडाने सांगू?" अब्बा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

रात्री दादी म्हणाली, "तुम्ही लॉजवर जा. मी माझ्या लेकीकडे राहीन. एका म्हातारीने काय गर्दी होणार?"

"आणि एस्सेल वर्ल्ड?" मी विचारले.

"मला नाही पाळण्यात बसायचे."

मला वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. आता दादीबरोबर हळूहळू चालावे लागणार नव्हते.

दादीला सोडायला आम्ही आधी मदनपुऱ्यात गेलो. फूफीने सर्वांना आग्रहाने जेवू घातले, पण अब्बांशी ती एक शब्दही बोलली नाही.

एस्सेल वर्ल्डचा दिवस भराभर गेला. आज मला तिथल्या पाळण्यांपेक्षा बोटीवरचा वाराच जास्त आठवतो.

तिसऱ्या दिवशी बाराच्या आत लॉज सोडून आम्ही दादीला घ्यायला गेलो. दार उघडेच होते. फूफा पोटमाळ्यावर झोपले होते, म्हणून सगळे हलक्या आवाजात बोलत होते. दादी चटईवर बसून फूफीच्या केसांना तेल लावत होती. फूफी तीन मुलांची आई. पण दादीपुढे लहान मुलीसारखी मान खाली घालून बसली होती. तिच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि दादी तिच्या घरी पहिल्यांदाच मुक्कामाला आली होती. हे मला त्या दिवशी कळले.

"अम्मा, निघायचे ना? गाडीची वेळ होईल," अब्बा हळूच म्हणाले.

दादीने तेलाची वाटी जवळ ओढली. "माझे तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "मी पंधरा दिवसांनी येईन."

फूफीने मान वर केली, अब्बांकडे पाहिले आणि मोकळ्या केसांनीच चहा टाकायला उठली.