टेबलावरचा फोन कोणाचे ऐकतो?

सरोजिनीनगरमधील आमच्या कार्यालयात इंटरनेट फोन बसविले, तेव्हा एकाही यंत्रात माहिती हाताने भरावी लागली नाही. जोडताच फोन राउटरकडे पत्ता मागतो. राउटर डीएचसीपीच्या 66 क्रमांकाच्या पर्यायातून सेटिंगची फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे तेही सांगतो. 1997 पासून प्रमाणित असलेली ही सोय, वारंवार बदल्या होणाऱ्या कार्यालयात फारच उपयोगी.

मात्र सांगणारा कोण, हे फोन विचारीत नाही. नेटवर्कवर दुसऱ्याच कोणी आधी उत्तर दिले तर तो त्याचे ऐकतो आणि नागरिकाची तक्रार भलत्याच कानी पडू शकते. टीएफटीपीत तर पासवर्डच नसतो. म्हणून फोनांचे नेटवर्क वेगळे ठेवावे, फाईल एचटीटीपीएसने द्यावी, सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जावे. स्वाक्षरी न पाहता आदेश पाळणे कारकुनाला शोभत नाही. यंत्रालाही तीच शिस्त हवी.