पालनचा बाप आणि मृणालदा

३० डिसेंबर २०१८ रोजी दिग्दर्शक मृणाल सेन कोलकात्यात भवानीपूरच्या राहत्या घरी वारले. वय ९५. देहावर फुलं-हार नकोत, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. घरच्यांनी ते पाळलं.

बंगाली सिनेमाचा विषय निघाला की आपण मराठी माणसं आधी सत्यजित राय म्हणतो, मग ऋत्विक घटक. मृणालदांचं नाव तिसरं येतं. माझ्यासाठी ते पहिले आहेत, ‘खारिज’मुळे (१९८२). नवरा-बायको, त्यांचं लहान मूल आणि घरकामाला ठेवलेला पालन नावाचा पोर. एरवी जिन्याखाली झोपणारा पालन कडाक्याच्या थंडीत उबेसाठी स्वयंपाकघरात जातो आणि आतून कडी लावून घेतो. आत कोळशाची शेगडी, हवेला झरोका नाही. सकाळी दार फोडावं लागतं. मग पोलीस, शवविच्छेदन, शेजाऱ्यांची कुजबुज, आणि यात आपला दोष नाही हे पटवण्याची मालकाची केविलवाणी धडपड. दहनानंतर पालनचा बाप समोर येऊन उभा राहतो. आता याचा हात उठणार, या भीतीने मालक गोठतो. बाप फक्त निरोप घेतो आणि गावी जातो.

दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने त्या बापाला निदान चार जळजळीत वाक्यं दिली असती आणि आपण हलक्या मनाने घरी गेलो असतो. मृणालदा प्रेक्षकाला तशी सुटका देत नाहीत. त्यांचं वेगळेपण मला इथेच दिसतं. मी राहतो त्या कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या ब्लॉकांत रोज सकाळी शेजारच्या दत्ताबाद वस्तीतून बायका घरकामाला येतात. ‘खारिज’ पाहिल्यापासून कुणाच्याही घरी गेलं की माझी नजर जिन्याखालच्या जागेकडे जाते.

स्वतःच्या धंद्यालाही त्यांनी सोडलं नाही. ‘आकालेर संधाने’मध्ये (१९८०) बंगालच्या १९४३च्या दुष्काळावर सिनेमा काढायला एक युनिट खेड्यात उतरतं आणि त्यांच्याच खरेदीने गावच्या बाजारात भाव चढतात. गाव दुरावतं, युनिटला शूटिंग अर्धं टाकून परतावं लागतं. गरिबीवर सिनेमे काढणाऱ्याने हे दाखवायला फार मोठं धैर्य लागतं. बर्लिन महोत्सवात या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. त्यात स्मिता पाटील आहे, स्मिता पाटील म्हणूनच.

मराठी कलावंतांवर त्यांचा विश्वासच होता. ‘भुवन शोम’ने (१९६९) सुहासिनी मुळे पडद्यावर आणली. ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडून न परतणारे प्राध्यापक म्हणजे श्रीराम लागू. मागे उरलेली बायको म्हणजे उत्तरा बावकर; या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा हिंदी सिनेमा आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. मृणालदांकडे जायचं असेल, तर मराठी प्रेक्षकाने इथून सुरुवात करावी.