बर्लिनची सहल आणि सात जर्मन प्रश्न



बर्लिनला जाऊन आले असे सांगितले की आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. "त्यांच्या देशात कशाला गेलीस?" असे मला चौघांनी तरी विचारले. रागावण्यासारखे त्यात काही नाही. आपण भारतातून इथे आलो तेव्हा वसाहतीत शेजारी पोलंड-रुमानियाची माणसे होती. आमच्या शेजारची बाई जर्मन बनावटीची सुईसुद्धा घरात येऊ देत नसे. कोकणात आपल्याला यहुदी म्हणून कोणी छळले नाही. हे दुःख आपल्याला शेजाऱ्यांकडूनच कळले. म्हणून मी तिथे गेले ती नुसती हिंडायला नाही, आणि जाताना थोडी जर्मन भाषा बरोबर नेली.

थोडी म्हणजे किती? सात शब्द! बाळगोपाळांनो, तुम्हीही पाठ करा. मराठीत प्रश्नाचे शब्द 'क'ने सुरू होतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे, किती. जर्मनमध्ये तेच काम 'व' करतो: वेर, वास, वो, वान, वारुम, वी, वी फील. त्याच क्रमाने म्हणा, पाच मिनिटांत येतात. इंग्रजी शिकलेल्यांनी मात्र जपावे. 'वेर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'कोण'. माझा अकरा वर्षांचा नातू बरोबर होता. तो म्हणाला, "आजी, हे काहीच नाही. तू मराठीत 'मी' म्हणतेस तेव्हा मला हिब्रूतला 'कोण' ऐकू येतो!" खरेच की. आपल्या घरांत हा घोटाळा रोजचाच आहे.

आता वाक्य कसे करायचे ते. प्रश्नाचा शब्द पहिला, क्रियापद लगेच त्याच्या मागे, बाकी सगळे नंतर. वो इस्ट डेअर बानहोफ? म्हणजे स्टेशन कुठे आहे? वान फेअर्ट डेअर त्सूग? गाडी केव्हा सुटते? आणि ज्याचे उत्तर नुसते हो किंवा नाही असते, तिथे क्रियापदच सर्वांत पुढे येते. 'झी कोमेन आउस इस्राएल' म्हणजे तुम्ही इस्राएलहून आलात. त्याचे 'कोमेन झी आउस इस्राएल?' केले की झाला प्रश्न. आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो, ते लोक क्रियापद उचलून डोक्यावर ठेवतात, एवढाच फरक. उत्तर 'नाइन' आले तर नाही, 'या' आले तर हो. दुकानदार "या, या" म्हणाला की आत बोलावतोय असे वाटते, ती गंमत वेगळीच!

नाव विचारताना म्हणायचे 'वी हाइसन झी?' शब्दशः, तुम्हाला कसे म्हणतात? मराठीत आपण नाव 'काय' विचारतो. पण हिब्रूत 'एख कोरीम लेखा' म्हणतातच ना, तसेच हे. हा 'झी' म्हणजे आपला 'तुम्ही' (टीव्हीवरचा झी नव्हे!). मुलांना आणि घरच्यांना 'दु', म्हणजे तू. नातवाला हे समजावताना मला बराच वेळ लागला, कारण इथे पंतप्रधानालाही 'अता' आणि मांजरालाही 'अता'. शेवटी म्हटले, "आजोबांना तू मराठीत काय म्हणतोस?" "तुम्ही." "मग तोच झी." आपली मराठी अशी उपयोगी पडते, हे नातवंडांच्या आईबापांनीही ऐकावे.

आमचा मुक्काम शोएनेबेर्ग भागात, बायरिशर प्लात्स या चौकाजवळ होता. युद्धापूर्वी इथे सुखवस्तू यहुदी कुटुंबे पुष्कळ. आल्बर्ट आइन्स्टाइनही याच वस्तीत राहत असत. सकाळी बेकरीत जाऊन नातवाने विचारले, "वास कोस्टेट दास ब्रोट?" पाव केवढ्याला? बाईंनी हसून किंमत सांगितली, वर एक बिस्किट हातावर ठेवले. त्या वस्तीतल्या दिव्यांच्या खांबांवर १९९३ पासून ८० पाट्या लावलेल्या आहेत. एका बाजूला साधे चित्र, दुसऱ्या बाजूला यहुद्यांविरुद्ध काढलेला त्या काळचा एकेक हुकूम. पावाचे चित्र असलेली पाटी सांगते की बर्लिनमधल्या यहुद्यांनी खाण्याचे जिन्नस फक्त दुपारी ४ ते ५ या वेळात विकत घ्यावेत. तारीख ४ जुलै १९४०. नातवाने हातातल्या पावाकडे पाहिले आणि मग तो विचारू लागला, आणखी कुठे काय लिहिले आहे?

पुष्कळ काही लिहिले आहे, आणि तेही पायाशी. घरांसमोर फरसबंदीत दहा सेंटिमीटर चौरस पितळी तोंडाचे दगड बसवलेले दिसतात. त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, अडखळायचा दगड. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये कलोन शहरात हे काम सुरू केले. २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त आहेत. वाचायला वाकावे लागते. माझे गुडघे दुखले, तरी वाकले.

आपले सात शब्द इथे कामाला येतात. वरची ओळ 'हिअर वोन्टे', इथे राहत होता किंवा राहत होती. मराठीत आधीच ठरवावे लागते पुरुष की बाई. जर्मन क्रियापद ते सांगत नाही, खालचे नाव वाचावे लागते. वेर? नाव लिहिलेले. बाईचे असले तर 'गेब.' पुढे माहेरचे आडनाव. वान? जन्माचे वर्ष, नेल्याचे वर्ष. पुढचा प्रश्न 'वो'चा भाऊ आहे. जर्मनमध्ये 'वो' म्हणजे कुठे, 'वोहेर' म्हणजे कुठून, 'वोहिन' म्हणजे कोणीकडे. हिब्रूत एफो, मेएफो, लेआन आहेत तसेच. वोहिन? आउश्वित्स, रीगा, थेरेझिएनश्टाट. एका दारासमोर नातवाने सगळी उत्तरे बोटाने दाखवली आणि विचारले, "वारुम?" मी त्याला म्हटले, ते दगडावर लिहीत नाहीत. त्याच्या आजोबांना विचारणार म्हणाला.

शेवटच्या दिवशी ग्रुनेवाल्ड स्टेशनला गेलो. तिथल्या १७ नंबरच्या फलाटावरून ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या यहुद्यांना गाड्यांत भरून नेले. १९९८ मध्ये फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पत्रे बसवले, प्रत्येक गाडीमागे एक. त्यावर तारीख, माणसांचा आकडा आणि बर्लिनहून कुठे, एवढेच. म्हणजे वान, वी फील, वोहिन. नावे नाहीत. एका म्हाताऱ्या जर्मन बाईने आम्हाला विचारले, "वोहेर कोमेन झी?" मी म्हटले, "आउस इस्राएल." जरा थांबून म्हटले, "उंट आउस इंडिएन," आणि भारतातून. त्यांना नवल वाटले. भारतात यहुदी? मग बाकावर बसून त्यांना कोकण, नौगावचा किनारा, आपला मलिदा, सगळे सांगितले. अर्धे इंग्रजीत, अर्धे हाताने.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर एस-७ ही लोकल घ्यावी. तिकीट लागते ते लोकलचेच, फलाट पाहायला पैसे पडत नाहीत. पत्र्यांवर ठेवायला खिशात दोन खडे असू द्यावेत. स्टेशनात उतरल्यावर विचारायचा प्रश्न असा: "वो इस्ट ग्लाइस झीप्त्सेन?" १७ नंबरचा फलाट कुठे आहे?